किलोच्या काट्यावर चढलेली अवजारं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ज्यांच्या घरात कुणी फिटर, टर्नर, सुतार किंवा टूलमेकर होऊन गेला, त्या वाचकांसाठी हे पत्र लिहितो आहे. वडिलांची किंवा आजोबांची अवजारांची पेटी अजून माळ्यावर पडून असेल, तर कृपा करून ती भंगारवाल्याच्या काट्यावर चढवू नका. एवढं सांगण्यासाठीच लिहायला बसलो आहे, पण का ते सविस्तर सांगितल्याशिवाय पटणार नाही.

मी सरकारी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा शिल्प निदेशक, म्हणजे हातकाम शिकवणारा शिक्षक होतो, आता निवृत्त आहे. नोकरीत असताना आणि त्यानंतरही पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजाराची वाट मी सोडलेली नाही. रविवार आणि बुधवार हे त्या बाजाराचे दिवस. पहिल्यांदा गेलो तो वडिलांच्या सायकलच्या दांडीवर बसून. ते खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत कामाला होते. साल १९६५ किंवा ६६ असावं. नवी अवजारं घेणं त्यांच्या पगारात बसत नव्हतं, म्हणून ते तिथे जात. पुढे माझ्या हाताखाली शिकून गेलेल्या कितीतरी मुलांचंही तेच झालं. वर्कशॉपमध्ये संस्थेची अवजारं असतात, पण कोर्स संपवून मुलगा भोसरीच्या एखाद्या गाळ्यात लागला किंवा गावी जाऊन स्वतःचं काही सुरू करायचं म्हणाला, की त्याच्या हातात स्वतःचं मापाचं अवजार लागतं. त्याची नवी किंमत ऐकून मुलं गप्प होतात. अशा मुलांना मी जुन्या बाजारात घेऊन जातो.

सकाळी लवकर गेलं तर माल बघायला मिळतो. रस्त्याच्या कडेने ताडपत्र्या आणि गोणपाटं अंथरलेली असतात. एकाकडे बंद पडलेली एचएमटीची घड्याळं, दुसऱ्याकडे पितळी समया आणि अडकित्ते, पलीकडे बूट, कॅमेरे, रेडिओचे सुटे भाग. मधेच एखाद्या ताडपत्रीवर लोखंडाचा गंजका ढीग असतो. आमचं थांबायचं ठिकाण ते. त्या ढिगात पाने, पकडी, कानशी, पटाश्या, हातोड्यांची डोकी असं सगळं एकत्र पडलेलं असतं, आणि त्याच्या तळाशी अधूनमधून शेफिल्डच्या मूर अँड राइट कंपनीचा गुण्या (काटकोन तपासायचं अवजार), अमेरिकेतल्या स्टॅरेटचा कॅलिपर किंवा जपानच्या मित्सुतोयोचा मायक्रोमीटर, म्हणजे अगदी बारीक जाडी मोजायचं अवजार, निघतो.

हा माल येतो कुठून? पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या पट्ट्यात साठच्या दशकापासून कारखाने उभे राहिले आणि त्यांच्या टूलरूममध्ये हाताने मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा सांभाळणारी माणसं तयार झाली. यांतले बरेच जण स्वतःची अवजारं स्वतःच्या पेटीत ठेवत. दुसऱ्याला हात लावू देत नसत. पुढे संगणकावर चालणारी सीएनसी मशिनं आली, आकडा दाखवणारे मापाचे डिजिटल व्हर्नियर आले, ती पिढी निवृत्त झाली आणि आता एकेक करून जाते आहे. मुलं दुसऱ्या क्षेत्रांत गेली. वन-बीएचकेतून टू-बीएचकेत जाताना माळा रिकामा करायचा असतो आणि पेटी जड असते. मुलांना मी दोष देणार नाही. त्या पेटीत काय आहे हे त्यांना कुणी उघडून दाखवलंच नाही.

काट्यावर काय होतं ते पाहा. पंचवीस मिलिमीटरपर्यंत मोजणारा मायक्रोमीटर सुमारे दोनशे ग्रॅमचा असतो. भंगारात लोखंडाला किलोमागे तीस रुपये धरले, तर त्याचे सहा रुपये होतात. तोच चांगल्या कंपनीचा नवा घ्यायला गेलात तर काही हजार मोजावे लागतात. त्याच्या आतल्या स्क्रूला अर्ध्या मिलिमीटरची पिच असते, म्हणजे एका फेऱ्यात तो तेवढा सरकतो, आणि थिंबलवर (फिरवायच्या नळीवर) पन्नास भाग पाडलेले असतात, म्हणून एकेका भागाला मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा मोजला जातो. हे काम नीट ठेवलेल्या मायक्रोमीटरने चाळीस वर्षांनीही तसंच होतं. काट्याला मात्र फक्त दोनशे ग्रॅम कळतात.

पण ढिगातलं सगळंच घेण्यासारखं नसतं, आणि घेणाऱ्याला पारख नसेल तर स्वस्तातली वस्तूही महाग पडते. म्हणून मुलांना जे शिकवतो ते थोडं इथेही लिहितो.

मायक्रोमीटर हातात आला की आधी अँव्हिल (स्थिर टोक) आणि स्पिंडल (सरकणारं टोक) यांची तोंडं स्वच्छ रुमालाने पुसायची. मग रॅचेटने, म्हणजे जास्त दाब पडू न देणाऱ्या शेवटच्या मुठीने, हलकेच मिटवून उजेडासमोर धरायचा. फटीतून उजेड दिसला तर तोंड झिजलंय, वस्तू खाली ठेवायची. शून्याची रेघ एखाद्या भागाने पुढे-मागे असेल तर घाबरायचं कारण नाही. स्लीव्ह, म्हणजे आतली स्थिर नळी, छोट्या पान्याने फिरवून ती जुळवता येते. त्यानंतर थिंबल सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण फिरवून बघायचं. सगळीकडे सारखं फिरलं पाहिजे. मधेच एखाद्या जागी जड लागलं किंवा सैल पडलं, तर स्क्रू खराब आहे आणि तो दुरुस्त होण्यातला नाही.

आता माझी एक खास युक्ती. मी खिशात ६०८ नंबरचं नवं कोरं बेअरिंग ठेवतो. रोलर स्केटच्या चाकात असतं तेच. कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात थोड्या पैशांत मिळतं. त्याचा बाहेरचा व्यास बावीस मिलिमीटर असतो, आणि नामांकित कंपनीचं असेल तर त्यात शंभराव्या हिश्शाइतकीसुद्धा तूट नसते. मायक्रोमीटरने ते मोजायचं. बावीसला किंवा त्याच्या अगदी एक भाग अलीकडे रीडिंग आलं, तर शून्यापासून इतक्या लांबवरही स्क्रू खरं बोलतोय. रुंदी मात्र मोजू नये, तिथे मापात थोडंफार कमी-जास्त चालण्याची सवलत कंपन्यांना बरीच जास्त असते. संस्थेत सरफेस प्लेट (अगदी सपाट पाटा) आणि स्लिप गेज (ठरलेल्या अचूक जाडीचे ठोकळे) असतात, रस्त्यावर नसतात. रस्त्यावर हे बेअरिंग पुरतं. माझ्या कित्येक विद्यार्थ्यांच्या खिशात आज ते आहे आणि याचा मला फार आनंद वाटतो.

सुतारांसाठी लोखंडी रंधा. स्टॅन्ले किंवा रेकॉर्ड कंपनीचा चार नंबरचा जुना रंधा हाताला लागला तर सोडू नये. बीड (ओतीव लोखंड) ओतून केलेला असल्याने तो पडला की तडकतो, म्हणून तोंडाजवळ आणि कडांना केसासारखा तडा आहे का ते नखाने चाचपायचं. वरवरचा गंज रॉकेल आणि पॉलिश पेपरने निघतो. खोल खड्डे पडले असतील तर तळ सपाट करायला जन्म जातो. पातं काढून बघायचं. कुणी ग्राइंडरवर धरून ते निळं केलं असेल तर त्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलेलं असतं. निसण्यावर कितीही घासा, धार टिकत नाही. पण बाकी रंधा धड असेल तर पातं बदलता येतं, तेवढ्यासाठी तो नाकारू नये. पाने आणि पकडी घेताना छाप वाचावा. आपल्या नाशिकच्या टपारियाचे पाने जबडा पसरलेला नसेल तर डोळे झाकून घ्यावेत.

काही वस्तूंना मात्र मी मुलांना हातही लावू देत नाही. वापरलेलं ग्राइंडिंग व्हील कधीही घ्यायचं नाही. आत तडा असेल तर ते फिरताना फुटतं आणि माणूस जायबंदी होतो. गॅसचे रेग्युलेटर नाहीत, साखळी-पुलीचे हुक नाहीत, हेल्मेट नाही. विजेची ड्रिल मशिनं चालवून बघितल्याशिवाय नाही.

आता ज्या प्रसंगामुळे हे पत्र लिहावंसं वाटलं, तो सांगतो. आमच्या भागात एक टूलमेकर राहत होते. फार हुशार हात. त्यांची शिसवी लाकडाची पेटी मी पाहिलेली होती. खणांना आतून हिरवं बनातीचं कापड लावलेलं, प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली, प्रत्येक वस्तू तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली. ते गेले. काही महिन्यांनी घर रिकामं झालं आणि पेटी भंगारात गेली. मला कळलं तेव्हा उशीर झाला होता.

पुढच्या रविवारी बाजारात एका मावशींच्या ताडपत्रीवर मला एक व्ही-ब्लॉक दिसला. गोल शाफ्ट (दांडा) आडवा ठेवायला खाच असलेला हा पोलादाचा ठोकळा असतो. त्याच्या बाजूला पंचने ठोकलेला आकडा होता, ३७. व्ही-ब्लॉक बहुधा जोडीने बनतात. दोन्ही एकाच वेळी, एकाच मापात ग्राइंड करतात आणि दोघांवर एकच नंबर टाकतात. ती जोडी फुटली की कामाची किंमत संपली, कारण लांब शाफ्ट दोन टोकांना सारख्या उंचीवर बसलाच पाहिजे.

मी विचारलं, "मावशी, याचा जोडीदार कुठंय?"

"एवढाच आलाय बघा दादा माझ्याकडं. पण ह्यो माल ज्या टेम्पोतनं उतरला ना, त्यातला थोडा त्या पलीकडच्या पोरानं बी घेतलाय. त्याच्याकडं बघा."

पलीकडच्या मुलाच्या ढिगात काही नव्हतं. वारा सुटला होता म्हणून त्याने ताडपत्रीच्या चारही कोपऱ्यांवर वजनं ठेवली होती. तीन कोपऱ्यांवर विटा होत्या. चौथ्यावर दुसरा ठोकळा, त्याच्यावर तोच आकडा, ३७.

मावशींनी शंभर सांगितले, मुलाने पन्नास. मी दोघांना एकत्र बोलावलं आणि ही जोडी आहे, जोडीचं काम काय, हे एक लोखंडी पाइप दोन्ही खाचांत ठेवून, फिरवून दाखवलं. प्रत्येकी तीनशे रुपये दिले. मावशी म्हणाल्या, "आम्हाला कोण सांगतंय हो दादा हे?" मला ते वाक्य विसरता येत नाही. तेव्हापासून जोडीची, नंबर टाकलेली किंवा डबीतली वस्तू आली की त्या बाजूला काढून ठेवतात आणि मागणाऱ्याला एकत्रच देतात. ते दोन व्ही-ब्लॉक आज माझ्या एका विद्यार्थ्याच्या गाळ्यात रोज वापरात आहेत. पेटीतलं बाकीचं सामान मला सापडलं नाही. भंगारातलं लोखंड वितळवायला जातं. जालन्याच्या भट्ट्यांमध्ये अशा भंगारातून बांधकामाच्या सळया होतात. सळया लागतातच, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या माणसाने स्वतः घडवलेले स्क्रेपर, वर्षानुवर्षं सांभाळलेले रेडियस गेज आणि टेलिस्कोपिक गेज कुठल्या तरी इमारतीच्या स्लॅबमध्ये गेले असतील, या विचाराने अजून त्रास होतो.

तांब्या-पितळेच्या भांड्यांचीही गत वेगळी नाही. घंगाळं, बंब, तपेली मोडीत किलोवर जातात. पण त्यांच्याबद्दल जाणकार लिहीत असतात आणि त्यांना शोभेच्या वस्तू म्हणून का होईना, गिऱ्हाईक मिळतं. गंजलेल्या कॅलिपरला दिवाणखान्यात जागा नाही. तो कामाच्या माणसाच्याच हाती पोचला तर वाचतो.

भावाबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. वस्तू ओळखू येणाऱ्याने विक्रेत्याला अंधारात ठेवून ती घेऊ नये. मोटारीतून उतरून वीस रुपयांसाठी मावशींशी हुज्जत घालणारे लोक मी बघतो आणि मला फार वाईट वाटतं. त्या माणसांनी पहाटे उठून, ओझं वाहून, दिवसभर उन्हात बसून ती वस्तू आपल्यापर्यंत आणलेली असते. त्यांनी ती बाजूला काढली नसती तर ती वितळली असती. विद्यार्थ्याच्या खिशात पैसे नसतात, त्याने जरूर भाव करावा. आपण मात्र वस्तूची खरी योग्यता सांगून चार पैसे जास्त द्यावेत. त्यातून विक्रेता शिकतो आणि पुढच्या वेळी वस्तू नीट जपतो.

चोरीचा माल असतो, हा आक्षेप मी नाकारत नाही. कुठल्याही जुन्या मालाच्या बाजारात ही शंका असते आणि घेणाऱ्याने सावध असलंच पाहिजे. चोरीचा माल माहीत असून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. कारखान्याचा मालमत्ता क्रमांक कोरलेलं किंवा तो घासून काढल्याची खूण असलेलं अवजार मी घेत नाही आणि घेऊ देत नाही. मोबाइल घ्यायचाच असेल तर त्याचा आयएमईआय (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख) क्रमांक सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तपासून मगच घ्यावा. पण या शंकेपोटी अख्खा बाजारच चोरांचा म्हणून मोडीत काढणं हा तिथे पिढ्यान्‌पिढ्या इमानाने बसणाऱ्यांवर अन्याय आहे.

म्हणूनच महापालिकेलाही विनंती आहे. २०१४ चा पथविक्रेता कायदा सांगतो की, ज्या नैसर्गिक, म्हणजे आपोआप वाढलेल्या बाजारात पथविक्रेते पन्नास वर्षांहून जास्त काळ व्यवसाय करत आले आहेत, तो वारसा बाजार म्हणून जाहीर करावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये. याच कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी असावे लागतात आणि त्यांत एक तृतीयांश महिला. मी शाळकरी असताना वडिलांबरोबर तिथे जात होतो, म्हणजे पन्नास वर्षं कधीच उलटून गेली. आता मंगळवार पेठेत मेट्रोचं स्थानकही झालं आहे. तिथल्या जमिनीला भाव येत जाईल तसा या ताडपत्र्यांवर दबाव वाढेल, हे सांगायला ज्योतिषी नको. जागेवर सावली, प्यायचं पाणी आणि बायकांसाठी स्वच्छतागृह एवढी सोय झाली आणि वाहतुकीसाठी आखून दिलेल्या रेषेत बसायची शिस्त लागली, तर रस्ता अडल्याची तक्रारही कमी होईल. कायद्याची ही तरतूद या बाजाराला लावण्याबाबत समितीने जाहीरपणे निर्णय घ्यावा.

आयटीआय आणि पॉलिटेक्निकमधल्या माझ्या सहकाऱ्यांना सांगणं आहे की, मुलांना वर्षातून एखाद्या रविवारी तिथे न्या. कॅटलॉगमधल्या चित्रावरून जे कळत नाही ते ढिगात हात घातल्यावर कळतं. खराब मायक्रोमीटर हाताळल्याशिवाय चांगला कसा फिरतो ते बोटांना समजत नाही.

आणि ज्यांच्या माळ्यावर पेटी आहे, त्यांनी ती खाली काढा. सारख्या नंबरच्या वस्तू एकत्र ठेवा, डब्या आणि त्यांतले छोटे पाने वेगळे करू नका, लाकडी पेटी असेल तर सामान तिच्यातच राहू द्या. जवळच्या आयटीआयला फोन करा. तिथे एखादा तरी निदेशक असा असतोच की जो येऊन बघेल. ओळखीतल्या एखाद्या होतकरू पोराला ती सगळी द्या किंवा योग्य भावाने विका. हे काहीच जमलं नाही तर निदान थेट जुन्या बाजारात न्या. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये कुणाला आपल्या पेटीत काय आहे ते समजून घ्यायचं असेल, तर मी घरी येऊन बघून, यादी करून देईन. पैसे घेणार नाही आणि स्वतःसाठी वस्तूही मागणार नाही. फक्त मी येईपर्यंत कुठलंही अवजार एमरी पेपरने घासून चकचकीत करू नका. मापाच्या अवजाराची तोंडं एवढ्याने बाद होतात. सुक्या फडक्याने पुसा आणि शिलाई मशिनचं तेल बोटाने लावून ठेवा.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक (फिटर), पुणे